परकें सूत आणि आपला माग

सोलापूरच्या विणकरानें आपलें सूत आपण कातावें आणि मग विणावें, असा काळ आमच्या आजोबांनींहि पाहिलेला नाहीं. सूत गिरणीचें, कधीं विलायतेंतून आलेलें, कधीं मुंबईचें, कधीं गांवांतल्याच गिरणीचें. तें व्यापाऱ्याकडून उधारीनें आणावयाचें, त्याचा नंबर पाहून घ्यावयाचा, आणि बाजारांत त्या नंबराचें सूत मिळेनासें झालें म्हणजे माग थांबवून बसावयाचें. माग मात्र विणकराचा, रंग त्याचा, किनार त्याची, नक्षी त्याची. असें असतां सोलापुरी लुगड्यास किंवा सोलापुरी चादरीस ‘सोलापुरी’ म्हणण्याचा संकोच कोणास वाटला नाहीं. उलट भौगोलिक निर्देशाच्या सरकारी नोंदवहींत या चादरीचें नांव चढलें तें गांवाच्या नांवासह चढलें. सूत कोणाचें, हें तेथें कोणीं विचारलें नाहीं.

संगणकाच्या बाबतींत मात्र हाच प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि विचारणारांत सुशिक्षित मंडळीच अधिक. पुण्यास तयार झालेल्या ‘परम’ महासंगणकाचा अभिमान आपण सर्वच बाळगतों. परंतु त्याच्या अंतरंगांतील चिप परदेशची होती असें कोणीं सांगितलें कीं आपला चेहरा पडतो. चेहरा पडण्यास कितपत कारण आहे हें पाहावयाचें, तर गेल्या पस्तीस वर्षांत परमच्या पोटांत कोणकोणते प्रोसेसर येऊन गेले, ते कां निवडले गेले, आणि ज्या बाजारांतून ते आणले त्या बाजारांत त्या वेळीं काय चाललें होतें, हा इतिहास चाळला पाहिजे. माझ्या मतें हा इतिहास वरवर मोठ्या संगणकांचा दिसला तरी खरा छोट्या संगणकांचा आहे. महासंगणकाचें भवितव्य बहुतेक वेळां ठरलें तें मेजावरच्या लहान पेटीच्या बाजारांत.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा तो भाग, जो आज्ञा वाचतो आणि त्याप्रमाणें गणित करतो. बाकीचें सारें त्याच्याभोंवतालचा संसार. आज्ञा अगोदर लिहून ठेवून यंत्राकडून त्या वाचवून घेण्याची युक्ति सोलापुरास अपरिचित नाहीं. लियाँच्या जॅक्वार्डनें १८०४ च्या सुमारास मागावर बसविलेले भोकांचे पुठ्ठे आमच्या चादरींवर मोर आणि वेलबुट्टी उमटवीत आले आहेत, आणि त्याच जातीच्या भोकांच्या पत्त्यांवर हॉलरिथनें अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजली. फरक एवढाच कीं जॅक्वार्डचे पुठ्ठे थोड्याफार फेरफारानें दुसऱ्या मागावर चढतात. प्रोसेसरांचें तसें नाहीं. त्यांचीं घराणीं आहेत व प्रत्येक घराण्याची आज्ञांची भाषा निराळी आहे. एका घराण्यासाठीं सिद्ध केलेली आज्ञावली दुसऱ्यास कळत नाहीं. म्हणून प्रोसेसर निवडणें हें सुताचा नंबर निवडण्यासारखें असलें तरी त्याहून पुष्कळ अधिक बांधून टाकणारें आहे. त्यांत सोयरिकीचा अंश येतो.

१९८० नंतरच्या दशकांत महासंगणक म्हणजे अमेरिकेंतील क्रे कंपनीचें यंत्र, असें जवळ जवळ समीकरणच होतें. तीं यंत्रें थोडकीं बनत, त्यांची किंमत कोट्यवधि रुपये असे, आणि अणुशस्त्रांच्या गणितासहि तीं उपयोगीं पडत असल्यामुळें कोणत्या देशास कोणतें यंत्र द्यावें हें अमेरिकन सरकार ठरवी. मोसमी पावसाच्या अंदाजासाठीं भारतानें क्रेची मागणी केली तेव्हां मागितल्याहून एक पायरी खालची, एकाच प्रोसेसरची प्रत, आणि तीहि अटी घालून, दिल्लीस मिळाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठीं हवें असलेलें यंत्र मिळालेंच नाहीं. याच्याच परिणामीं मार्च १९८८ मध्यें पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ज्यास सारे लोक सी-डॅक म्हणतात तें, स्थापन झालें. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत जन्मलेले डॉ. विजय भटकर त्याचे पहिले संचालक. मुदत तीन वर्षांची. उद्दिष्ट सेकंदास शंभर कोटी दशांश-गणितें करणारें यंत्र, म्हणजे त्या शास्त्राच्या भाषेंत एक गिगाफ्लॉप.

क्रेच्या पद्धतीनें जायचें तर एकच प्रोसेसर, पण तो अतिशय वेगवान, असा बनवावयास हवा होता. तें शक्य नव्हतें. चिपा बनविण्याचा सरकारी कारखाना मोहालीस होता खरा. पण त्याची कुवत तेवढी नव्हती, आणि १९८९ सालीं तोहि आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. दुसरा मार्ग उरला तो एका पहिलवानाऐवजीं शंभर गडी लावण्याचा. बाजारांत सहज मिळणारे साधे प्रोसेसर मोठ्या संख्येनें घ्यावयाचे आणि काम त्यांच्यांत वांटून द्यावयाचें. ही कल्पना पुण्याचीच होती असें नाहीं. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेंत १९८६ पासून ‘फ्लोसॉल्व्हर’ याच तत्त्वावर चालूं लागला होता. परंतु तींत एक अडचण आहे, ती विहीर खणणाऱ्यास चांगली ठाऊक असते. विहिरीवर शंभर गडी लावले तरी आंत एका वेळीं चारच उतरतात, आणि उरलेले काठावर उभे राहून एकमेकांस सूचना देत बसतात. प्रोसेसरांचें तसेंच. गणित करण्यापेक्षां एकमेकांशीं बोलण्यांतच त्यांचा वेळ जाऊं लागला तर शंभराचें काम दहांच्याहि बरोबरीचें होत नाहीं.

पुण्यानें जो प्रोसेसर निवडला तो या अडचणीवर तोड म्हणूनच जन्मास आला होता. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील इन्मॉस कंपनीचा ‘ट्रान्स्प्युटर’ हा एका चिपेवर मावणारा जवळ जवळ संपूर्ण संगणक होता. गणित करणारा भाग, थोडी स्मृति, आणि शेजारच्या चौघांशीं बोलण्यासाठीं चार वाटा, हें सर्व नखाएवढ्या जागेंत. चार वाटा असल्यामुळें त्यांची जाळी फरशीच्या चौकटींप्रमाणें हवी तेवढी वाढवीत नेतां येई. त्याच्यासाठीं ‘ऑकम’ नांवाची स्वतंत्र भाषाहि सिद्ध करण्यांत आली होती. चौदाव्या शतकांतील एका इंग्रज तत्त्वज्ञ भिक्षूच्या नांवावरून हें नांव घेतलें होतें, आणि नसता फापटपसारा छाटून टाकावा हा त्याचा बाणा भाषेंतहि उतरला होता. १९८७ च्या टी-८०० या प्रतींत दशांश-गणिताचा भागहि चिपेवरच आला. छोट्या आकाराच्या संगणकाची इतकी नेटकी कल्पना त्यापूर्वीं कोणीं मांडली नव्हती असें मला वाटतें.

या चिपांवर पुण्याच्या मंडळींनीं ‘परम ८०००’ उभा केला व १९९१ च्या मध्यास तो लोकांसमोर आला. २५६ ट्रान्स्प्युटर एकत्र बांधले म्हणजे कमाल वेग सुमारें एक गिगाफ्लॉप होई. मुदत पाळली गेली, उद्दिष्ट गांठलें गेलें, आणि एक यंत्र मॉस्कोसहि गेलें. परंतु त्यांतील स्वतःचें काय होतें, हें येथेंच पाहून ठेवलें पाहिजे. काम वांटून देणारी, चुका शोधणारी व निरनिराळ्या गांठींत समतोल राखणारी ‘परस’ नांवाची आज्ञावली, यंत्राची सर्व मांडणी, आणि हवामान, तेलशोधन वगैरे विषयांचीं गणितें त्या मांडणींत बसवून देण्याचें ज्ञान. सूत ब्रिस्टलचें, माग पुण्याचा.

आणि सूत मिळण्याचें थांबलें.

इन्मॉसची कथा थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे. १९७८ सालीं ब्रिटिश सरकारच्या पैशानें ही कंपनी निघाली. अमेरिका व जपान यांच्या चढाओढींत इंग्लंडनें मागें राहूं नये, हा हेतु. पुढें सरकार बदललें. अशा धंद्यांत सरकारनें पडूं नये असें मानणाऱ्या मंडळींनीं १९८४ सालीं ती थॉर्न-ईएमआय या खासगी कंपनीस विकली. तिनेंहि ती फार काळ संभाळली नाहीं. १९८९ सालीं, म्हणजे पुण्यांत परमची जुळणी चालू असतांनाच, ती फ्रेंच-इटालियन एसजीएस-थॉमसनच्या ताब्यांत गेली. ट्रान्स्प्युटरची पुढची पिढी, टी-९०००, हिचा गाजावाजा १९९१ मध्यें झाला. पण ती लांबत गेली, आणि आली तेव्हां ठरलेला वेग तिला गांठतां आला नाहीं. तोंवर इतरांचे साधे प्रोसेसर पुढें निघून गेले होते.

त्याच १९८५ सालीं, ज्या सालीं पहिला मोठा ट्रान्स्प्युटर बाजारांत आला, केंब्रिजमधील एकॉर्न या लहानशा कंपनींत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर या दोघांनीं आणखी एक प्रोसेसर तयार केला. त्याच्यामागें सरकारचा पैसा नव्हता, नव्या गणनापद्धतीचें तत्त्वज्ञान नव्हतें, महासंगणकाचीं स्वप्नें तर नव्हतींच. शाळांतून वापरल्या जाणाऱ्या छोट्या संगणकाच्या पुढील आवृत्तींत बसवावयास एक स्वस्त, साधा व थंड राहणारा प्रोसेसर हवा होता, इतकेंच. त्याचें नांव ‘आर्म’. १९९० सालीं त्यासाठीं वेगळी कंपनी निघाली, आणि तिनें चिपा विकण्याऐवजीं चिपांचे आराखडे विकण्याचा धंदा पत्करला. आज आपणां प्रत्येकाच्या खिशांतील फोनांत त्याच घराण्याचा प्रोसेसर असतो. एकाच देशांतील, एकाच वर्षीं जन्मलेले हे दोघे. ज्याची जन्मपत्रिका थोर होती तो अल्पायुषी ठरला, आणि जो शाळेंतल्या संगणकासाठीं जन्मला तो दिगंत पसरला. यांत दैवाचा भाग आहे हें खरें. पण सर्वस्वीं दैवाचा नाहीं. प्रोसेसरची प्रत्येक नवी पिढी आंखण्यास प्रचंड पैसा लागतो, आणि तो पैसा ज्याच्या चिपा लाखांनीं खपतात त्याच्याच घरीं जमतो. महासंगणक बांधणारे वर्षाकाठीं कांहीं हजार चिपा घेतील. घरोघरचे छोटे संगणक कोट्यवधि घेतात.

परमच्या कर्त्यांनीं पुढची निवड केली ती इंटेलच्या आय-८६० ची. ‘चिपेवर उतरलेला क्रे’ अशी त्याची त्या वेळीं ख्याति करण्यांत आली होती. ‘परम ८६००’ मध्यें गणित आय-८६० नें करावें व बोलण्याचें काम ट्रान्स्प्युटरनें, अशी जोडी लावलेली होती. मुंबईस तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत ‘अनुपम’ या नांवानें दुसरा समांतर संगणक याच सुमारास तयार होत होता, आणि त्याच्याहि कर्त्यांनीं आय-८६० च घेतला. म्हणजे महाराष्ट्रांतील दोन संस्थांनीं, कांहींशा स्पर्धेच्या भावनेनें, एकाच दुकानांतून सूत आणलें. पण हा प्रोसेसर कागदावर जितका वेगवान तितका हातीं घेतल्यावर अवघड निघाला. त्याच्याकडून पुरें काम करून घेणारी आज्ञावली लिहिणें दुष्कर होतें. खुद्द इंटेलचें चित्तहि त्याच्यावर नव्हतें, कारण तिच्या दुसऱ्या प्रोसेसर-घराण्यास घरोघर गिऱ्हाईक मिळत होतें. दशक संपण्यापूर्वींच आय-८६० बाजारांतून गेला.

दोनदां हात पोळल्यावर जें सुचावयाचें तें पुण्यास सुचलें, आणि परमच्या साऱ्या इतिहासांत मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट हीच आहे. १९९४ चा ‘परम ९०००’ कोणत्याहि एका प्रोसेसरसाठीं बांधला नव्हता. चौकट मोकळी ठेवून तींत कधीं सन कंपनीचा सुपरस्पार्क, पुढें त्याचाच वारस अल्ट्रास्पार्क, तर एका प्रतींत डिजिटल कंपनीचा अल्फा बसवितां येईल अशी तजवीज केली होती. मागाची फणी बदलून निराळ्या नंबराचें सूत घ्यावें, तसेंच हें. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्यें अल्ट्रास्पार्क कायम झाला. यांतील अल्फाचें घराणें त्याच वर्षीं कॉम्पॅकच्या घरांत गेलें व थोड्याच वर्षांत बुडालें. स्पार्कच्या मालक सनला २०१० मध्यें ओरॅकलनें विकत घेतलें. पुण्याचें त्यामुळें फारसें अडलें नाहीं. यंत्रांतील गांठी एकमेकींस जोडणारें ‘परमनेट’ हें जाळें आतां त्यांचें स्वतःचें होतें, आणि तें कोणत्याहि प्रोसेसरशीं संसार करूं शकत होतें.

या वर्षांत छोट्या संगणकांच्या बाजारांत जी लढाई चालली होती तिच्याकडे आतां वळूं. १९८१ सालीं आयबीएमनें आपल्या वैयक्तिक संगणकासाठीं इंटेलचा ८०८८ निवडला. एकाच पुरवठादारावर अवलंबून राहावयाचें नाहीं, असा आयबीएमचा शिरस्ता असल्यामुळें इंटेलला आपला आराखडा एएमडी या दुसऱ्या कंपनीस द्यावा लागला. तसा करार १९८२ त झाला. मोठ्या गिऱ्हाइकाच्या या एका अटींतून पुढील चाळीस वर्षांची स्पर्धा जन्मली. इंटेलनें ३८६ हा प्रोसेसर वाटून देण्याचें नाकारलें, कज्जे झाले, आणि १९९१ मध्यें एएमडीनें आपला ३८६ बाजारांत आणलाच.

या लढाईंतील एक पात्र पुण्यांत जन्मलें होतें, ही गोष्ट आपल्याकडे थोड्यांस ठाऊक आहे. विनोद धाम यांचा जन्म १९५० सालीं पुण्याचा. बालपण व शिक्षण दिल्लीस. १९७९ त ते इंटेलमध्यें गेले, आणि १९९३ सालीं निघालेल्या पेंटियमच्या रचनेचें नेतृत्व त्यांच्याकडे होतें. १९९५ मध्यें त्यांनीं इंटेल सोडलें व नेक्स्टजेन या छोट्या कंपनींत प्रवेश केला. ती कंपनी एएमडीनें विकत घेतली, आणि तिच्याच आराखड्यांतून १९९७ चा के-६ निघाला. पेंटियमचा जनक पेंटियमच्या प्रतिस्पर्ध्याचाहि जनक झाला. के-६ ची खरी मौज त्याच्या बैठकींत होती. ज्या खोबणींत पेंटियम बसे त्याच खोबणींत तो बसे, म्हणून संगणक जुळविणाऱ्या साध्या दुकानदारास निवडीचें स्वातंत्र्य मिळालें. बाकीची पेटी तीच ठेवून हृदय तेवढें स्वस्तांतलें घ्यावें. इंटेलनें याला उत्तर दिलें तें खोबणच बदलून. १९९७ च्या पेंटियम-२ साठीं निराळी खोबण आली, ती एएमडीस वापरतां येईना, आणि १९९९ त एएमडीनें आपली वेगळी खोबण काढली. तेव्हांपासून प्रोसेसर बदलावयाचा म्हणजे बहुधा खालची पाटीहि बदलणें आलें. स्पर्धेनें किंमती उतरतात हें खरें असलें तरी स्पर्धक कुंपणेंहि घालतात, याचें इतकें ठळक उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत घालावयास हरकत नाहीं. पुढें २००९ सालीं युरोपीय आयोगानें इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड केला, त्याच वर्षीं इंटेलनें एएमडीस १२५ कोटी डॉलर देऊन आपसांत तंटा मिटविला. दंड मात्र न्यायालयानें २०२२ मध्यें रद्द केला.

या चुरशीचें फळ असें झालें कीं घरगुती संगणकाचा प्रोसेसर इतक्या झपाट्यानें सुधारत गेला कीं खास मोठ्या यंत्रांसाठीं घडविलेलीं घराणीं एकामागून एक मागें पडलीं. पुण्याच्या निवडी पाहिल्या म्हणजे हा ओघ स्पष्ट दिसतो. ‘परम पद्म’ मध्यें आयबीएमचे पॉवर-४ जातीचे २४८ प्रोसेसर होते. त्याचा कमाल वेग एक टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदास एक लक्ष कोटी गणितें, आणि जून २००३ च्या जागतिक पांचशेंच्या यादींत त्यास १७१ वें स्थान मिळालें. यानंतर मात्र २००८ च्या ‘परम युवा’ मध्यें इंटेलचे झिऑन आले, आणि झिऑन म्हणजे मेजावरच्या संगणकाच्याच प्रोसेसरचा थोरला भाऊ. त्याच्या आदल्या वर्षीं पुण्यांतच टाटांच्या संशोधन प्रयोगशाळेनें उभारलेला ‘एका’ जगांत चौथा आला होता, त्यांतहि झिऑनच. क्रे अडवून धरणें सरकारांस सोपें होतें. दुकानोदुकानीं मिळणारी चिप अडविणें तितकें सोपें नाहीं. अर्थात् अशक्यहि नाहीं. २०१५ मध्यें अमेरिकेनें चीनच्या महासंगणक केंद्रांस झिऑन देण्याचें बंद केलें, आणि पुढच्याच वर्षीं चीननें सर्वस्वीं आपल्या प्रोसेसरावर चालणारें यंत्र जगांत पहिल्या क्रमांकावर आणून ठेवलें. पुण्यावर तसा प्रसंग आला असता तर काय झालें असतें, हा प्रश्न अभिमानाच्या भरांत आपण विचारीत नाहीं.

छोट्या पेटीचीहि कथा थोडक्यांत सांगतों. २००१ सालीं तैवानच्या व्हिया कंपनीनें सतरा सेंटिमीटर चौरसाची पाटी काढली. इंटेल आणि एएमडी यांच्या वेगाशीं तिच्या प्रोसेसरास टक्कर देतां येत नव्हती, म्हणून तिनें लहान आकार व अल्प वीज हें निराळें मैदान शोधलें. मैदान चांगलें निघालें आणि मोठ्यांनीं तें घेतलें. २००८ सालीं इंटेलनें ‘ॲटम’ हा प्रोसेसर त्याच मापाच्या पाट्यांवर आणला, आणि कांहीं वर्षांनीं हाताच्या पंजाएवढ्या ‘नक’ पेट्या विकूं लागली. २०२३ मध्यें तो धंदा तिनें स्वतः सोडला व असुस कंपनीच्या हवालीं केला. ॲपलची ‘मॅक मिनी’ ही चिमुकली पेटी तर याहून बोलकी. २००५ सालीं तींत पॉवरपीसी, २००६ पासून इंटेल, आणि २०२० पासून ॲपलचा स्वतःचा, आर्मच्या भाषेंतला प्रोसेसर. एकाच नांवाच्या पेटीनें पंधरा वर्षांत तीन घराणीं पालटलीं, आणि घरीं ती वापरणाऱ्या बहुतेकांस त्याचा पत्ता लागला नाहीं. जुन्या आज्ञावली नव्या प्रोसेसरास भाषांतर करून ऐकविणारा दुभाषा ॲपलनें प्रत्येक वेळीं अगोदर सिद्ध ठेवला होता. पुण्याची परम ९००० ची मोकळी चौकट आणि हा दुभाषा, दोन्हींमागची बुद्धि एकच.

पुण्यानेंहि छोटी पेटी काढली. २०१५ च्या सुमारास आलेला ‘परम शावक’ हा मेजाजवळ ठेवतां येणारा महासंगणक. त्यास वेगळी थंड खोली नको, तंत्रज्ञांचा ताफा नको. तालुक्याच्या गांवींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाहि तो चालवितां यावा, ही कल्पना. दोन झिऑन आणि गणिताचा वेग वाढविणारें जोडकार्ड, एवढ्यांवर तो दोन-तीन टेराफ्लॉपपर्यंत जाई. म्हणजे बारा वर्षांपूर्वीं ज्या पद्मनें जागतिक यादींत देशाचें नांव नेलें, त्याच्या दुपटीहून अधिक बळ एका पेटींत आलें. नांव ठेवणाऱ्याचें मला कौतुक वाटतें. शावक म्हणजे छावा, आणि छाव्याचे दांत लहान असले तरी जात तीच असते. दूरच्या गांवांतल्या शिक्षकाच्या दृष्टीनें बोलावयाचें तर परमच्या सर्व अवतारांत हा अवतार मला अधिक मोलाचा वाटतो. मोठीं यंत्रें पुण्यास आणि बंगळुरास. तेथें आपलें गणित पाठवून रांगेंत थांबावें लागतें. विद्यार्थ्यास यंत्र उघडून दाखवितां येणें ही निराळीच गोष्ट.

निवडीचा फेरा पुढें चालूच आहे. २०२० मध्यें पुण्याच्या ‘परम सिद्धि’ नें जगांत ६३ वें स्थान मिळविलें तेव्हां तिच्या पोटांत इंटेल नव्हता. एएमडीचा एपिक होता, आणि गणिताचा मुख्य भार एन्व्हिडियाच्या चिपांवर होता. सप्टेंबर २०२४ मध्यें राष्ट्रास अर्पण केलेल्या ‘परम रुद्र’ यंत्रांपैकीं एक नारायणगांवजवळ खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या कामीं आहे. त्याची पेटी व पाटी सी-डॅकनें स्वतः आंखलेली, प्रोसेसर इंटेलचा. येथपर्यंत सूत परकें व माग आपला, हीच रीत राहिली, फक्त मागांतील आपला वांटा वाढत गेला.

सूतहि आपलें असावें, असा प्रयत्न आतां दोन वाटांनीं चालला आहे. एका वाटेनें आर्मकडून आराखडा घेऊन ९६ गाभ्यांचा ‘औम्’ हा महासंगणकाचा प्रोसेसर आंखण्याचें काम सी-डॅकनें हातीं घेतलें आहे. म्हणजे शाळेंतल्या संगणकासाठीं जन्मलेलें तें केंब्रिजचें घराणें अखेर महासंगणकाच्या दारीं आलें. दुसरी वाट ‘रिस्क-फाइव्ह’ या आज्ञाभाषेची. ही भाषा २०१० पासून अमेरिकेंतील बर्कलीच्या विद्यापीठांत घडली व ती सर्वांस मोकळी आहे. वापरण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं आणि मोबदला द्यावा लागत नाहीं. रास्पबेरी पाय या लोकप्रिय छोट्या संगणकाच्या कर्त्यांनीं २०२४ मध्यें एक चिप काढली आहे, तींत आर्मचे दोन व रिस्क-फाइव्हचे दोन गाभे शेजारीं शेजारीं आहेत, आणि सुरू करतांना कोणते चालवावयाचे हें वापरणाऱ्यानें ठरवावयाचें. प्रोसेसरची निवड इतकी स्वस्त पूर्वीं कधींच नव्हती. या मोकळ्या भाषेंत सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम् येथील शाखेनें ‘वेगा’ घराण्याचे प्रोसेसर आंखले आहेत. त्यांतील ‘तेजस-३२’ ही चिप ‘एरीज’ नांवाच्या तळहातावर मावणाऱ्या पाटीवर बसवून विद्यार्थ्यांसाठीं विकली जाते. तिचा ठोका सेकंदास दहा कोटी, म्हणजे परम ८००० मधील ट्रान्स्प्युटरच्या कितीतरी पट. दशांश-गणिताचा स्वतंत्र भाग मात्र तींत नाहीं. १९८७ च्या ट्रान्स्प्युटरांत तो होता.